शाळेतला ‘करून पाहा’ मेळावा : या चुका टाळा

आपल्या कोकणातल्या शाळांना विज्ञान प्रदर्शनाची जुनी सवय आहे आणि मेकर मेळावा, म्हणजे मुलांनी स्वतःच्या हाताने वस्तू करून पाहायचा मेळावा, फसतो तो बहुधा याच सवयीमुळे. प्रदर्शनातील प्रतिकृती घरी तयार होते, त्यात आईवडिलांचा हात किती हे सर्वांना ठाऊक असते, आणि विद्यार्थी टेबलामागे उभा राहून पाठ केलेली माहिती म्हणून दाखवतो. मेळाव्यात मात्र येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला काम मिळाले पाहिजे. म्हणून ‘हात लावू नये’ ही पाटी आधी काढावी आणि तयार वस्तूंऐवजी कच्चा माल मांडावा.

हा माल शहरातून मागवणे ही दुसरी चूक. थर्माकोल आणि तयार किट यांवर पैसे खर्च होतात, आणि करवंट्या, काथ्या, झावळ्या, बांबू परसात पडून राहतात. अर्थात या वस्तूंच्याही खोडी आहेत. करवंटीला भोक पाडताना ती गडगडते, ड्रिलचे टोक निसटते आणि बोटाला लागते. यावर आजीचा उपाय चालतो. फडक्याची घट्ट चुंबळ करून करवंटी तीवर पालथी बसवावी, खिळ्याने हलका खड्डा करावा आणि मगच ड्रिल लावावे. बांबू चिरण्याचे काम मोठ्यांनी आदल्या दिवशी उरकावे आणि कामट्यांना पॉलिश पेपर मारून ठेवावा, नाहीतर मुलांच्या बोटांतील कूस काढण्यातच सकाळ जाते.

विजेच्या टेबलावरची चूक माझी स्वतःची आहे. राजापूर तालुक्यातील एका शाळेत मी ९ व्होल्टच्या बॅटऱ्या आणि एलईडी ठेवले, पण रेझिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह आवरणारा छोटा भाग, घरी विसरलो. अर्ध्या तासात दिव्यांची निम्मी पुडी जळाली आणि मुले मात्र ‘सर, अजून एक’ म्हणत आनंदात होती. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात, त्यामुळे ९ व्होल्टच्या बॅटरीबरोबर ४७० ओहमचा रेझिस्टर जोडावाच. दिवा लागतच नसेल तर आधी त्याचे पाय उलटे करून पाहावेत. लांब पाय धन टोकाला जातो. बटणासारखे छोटे सेल लहान मुले गिळू शकतात, तेव्हा ते मोजून द्यावेत आणि मोजून परत घ्यावेत. लाइट कधीही जाऊ शकते हे गृहीत धरून निम्मी टेबले तरी विजेवाचून चालणारी असावीत.

सहकार्य शिकवायचे म्हणून आठ-आठ जणांचे गट केले, तर दोघे काम करतात आणि सहा जण गर्दी करतात. तिघांचा गट पुरतो. त्यांना एकच कात्री द्यावी, म्हणजे आपोआप बोलणे होते. ग्लू गन मात्र साऱ्या सभागृहात एकच असेल तर नुसती रांग लागते. बक्षिसांबाबत माझे मत कडक आहे: पहिला-दुसरा क्रमांक जाहीर केला की शेजारच्या गटाला युक्ती सांगणे बंद होते. संस्थेचा आग्रहच असेल, तर मोडलेली वस्तू ज्यांनी पुन्हा उभी केली त्यांचे कौतुक करावे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, सुतार-कुंभारांसारख्या स्थानिक जाणकारांबरोबर घालवण्याची सूचना केली आहे. आपल्याकडे सावंतवाडीची लाकडी खेळणी आहेत, पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या आहेत; तरीही कारागिराला बोलावून शाल-श्रीफळ देऊन व्यासपीठावर बसवले जाते. त्यांना टेबल द्यावे, मानधन द्यावे आणि मुलांना त्यांच्या शेजारी बसवावे.

तारीख ठरवताना पावसाळा टाळावा. दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो आणि पांढरा गोंद सुकता सुकत नाही. गणपती आणि शिमगा हे दिवस कोणी सुचवणारही नाही. जानेवारी बरा. भाषणे दहा मिनिटांत आटोपावीत आणि लांबच्या वाड्यांवरील मुलांची एसटी चुकू नये म्हणून आवराआवर तिच्या वेळेआधी अर्धा तास सुरू करावी. ज्यांचे काम अर्धे राहिले असेल, त्यांना ते पिशवीत घालून घरी नेऊ द्यावे.