कॅनूत मागे कोण बसणार ते घरीच ठरवा

कॅनडातल्या अल्गॉन्क्विन उद्यानात आम्ही कॅनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, घेऊन गेलो, तेव्हा पहिल्या खेपेला मागे मी बसलो होतो. सह्याद्रीतले पन्नासेक किल्ले पायाखाली घातलेला माणूस, एक होडी सरळ न्यायला काय लागतं? कॅनू लेक नावाच्या तलावाच्या धक्क्यापासून पहिल्या दोनशे मीटरांत आम्ही तीन गिरक्या घेतल्या. उन्हाळी शिबिराला आलेली दहा-बारा वर्षांची पोरं बाजूने सरळ रेषेत निघून गेली. बायको देवगडची, आजोळी होड्या. ती मागे न बघताच म्हणाली, "काठाक लाव. मागे मी बसतंय."

भर पाण्यात जागा बदलायची नसते, म्हणून काठाला लागलो आणि बदललो. तेव्हापासून सहा वेळा गेलोय, मागे तीच. कॅनूत सुकाणू नसतं. मागचा माणूस वल्ह्यानेच दिशा धरतो. वल्हं मागे आल्यावर पातं किंचित वळवून बाहेर ढकलायचं, म्हणजे नाक पुन्हा जागेवर येतं. पुढच्याने जोर लावायचा, लय धरायची आणि पाण्याखालचे दगड बघून ओरडायचं. गाडी कोण चालवतं, घरात कोणाचं चालतं, याचा इथे संबंध नाही. ज्याला येतं तो मागे. दोघांनाही येत नसेल तर जास्त शांत असेल तो मागे.

आता जायचं कसं ते. अल्गॉन्क्विन हे १८९३ पासूनचं ओंटारिओ प्रांताचं उद्यान, आपल्या रायगड जिल्ह्याहून थोडं मोठंच. टोरांटोहून पश्चिम फाटकापर्यंत गाडीने तीनेक तास, पण शुक्रवारी दुपारनंतर निघालात तर ते विसरा. मी शुक्रवारची सुट्टी घेतो आणि सकाळी सहाला घर सोडतो. मुक्कामाचं बुकिंग पाच महिने आधी, सकाळी सातला उघडतं. उन्हाळ्यातल्या शनिवारसाठी त्या वेळी हातात चहा आणि समोर स्क्रीन असलेली बरी.

दोन दिवसांत तीन-चार तलाव उरकायचा मोह सोडा. पहिल्यांदा आम्ही रोज नव्या जागी तंबू ठोकला, म्हणजे अख्खी सुट्टी सामान बांधण्यात आणि सोडण्यात गेली. आता दोन्ही रात्री एकाच ठिकाणी राहतो आणि शनिवारी रिकाम्या कॅनूतून भटकतो. नवख्या जोडप्याला मी 'जो लेक' नावाचा तलाव सांगेन. कॅनू लेकच्या धक्क्यापासून उत्तरेकडे दीड तास वल्हवायचं, मग साधारण तीनशे मीटर सगळं उचलून चालायचं, की पलीकडे 'जो लेक'. या उचलून चालण्याला पोर्टेज म्हणतात. पिवळी पाटी दिसली की तिथे काठाला लागायचं.

पोर्टेजवर भांडणं होतात, कारण दोघं मिळून कॅनू धरतात. एक उंच, एक बुटका, पावलं जुळत नाहीत, पुढच्याला काही दिसत नाही. त्यापेक्षा आधी दोघांनी पिशव्या नेऊन ठेवाव्यात आणि दुसऱ्या फेरीत एकाने कॅनू उलटी करून खांद्यावर घ्यावी. मधल्या आडव्या दांड्याला खांद्यांसाठी खाच असते, बैलाच्या जुवासारखीच. भाड्याने घेताना केव्लारचीच, म्हणजे हलक्या पण मजबूत कृत्रिम धाग्याची, मागा. ती वीसेक किलोची असते. अॅल्युमिनियमची घेऊन पैसे वाचवले, तर ते मानेकडून वसूल होतात.

बुकिंग तलावाचं होतं, ठरावीक जागेचं नाही. नारिंगी पाटी दिसेल आणि जागा रिकामी असेल, तर ती तुमची. म्हणून दुपारी दोनच्या आत पोहोचा, नाहीतर चांगल्या जागा गेलेल्या असतात. पाटी नसेल तिथे तंबू टाकायला मनाई आहे. दुपारनंतर कॅनू लेकवर वाराही उठतो. वारा लागला की बाकावरून उतरून गुडघ्यांवर बसा, जड सामान तळाशी ठेवा आणि ज्या काठाला झाडांचा आडोसा आहे त्याच्या कडेने जा. तलावाच्या मधून जाणारी वाट नकाशावर जवळची दिसते, एवढंच.

लाइफ जॅकेट. कायद्याने माणशी एक जॅकेट कॅनूत असावं लागतं, शिवाय शिट्टी, पाणी उपसायचं भांडं आणि पंधरा मीटरचा तरंगणारा दोर. आमच्या घरचा कायदा म्हणजे जॅकेट अंगात, बंद लावून. याच कॅनू लेकवर १९१७ च्या जुलैमध्ये चित्रकार टॉम थॉमसन बेपत्ता झाला. त्याची कॅनू तरंगताना सापडली आणि आठ दिवसांनी तो. इथलं पाणी ओळखणारा माणूस होता तो. त्याच्या स्मरणार्थ १९३० मध्ये रचलेला दगडांचा स्तंभ काठावरच्या टेकाडावर आहे, वाटेत थांबून बघता येतो. ही तिथे दर वेळी थांबते, काही बोलत नाही, फक्त माझ्या जॅकेटचा पट्टा ओढून बघते. उलटलातच तर कॅनू सोडून पोहत सुटू नका. ती तरंगते, तिला धरून राहा.

खाण्याचं मात्र मी ठरवतो. आतल्या भागात पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे, तेव्हा लोणच्याची बरणी घरी आणि फोडी प्लास्टिकच्या झाकणाच्या डबीत. पहिल्या रात्री थालीपीठ, भाजणी घरूनच तिखटमीठ घालून नेलेली, कांदा तिथे चिरायचा. दुसऱ्या रात्री मऊ भात, मेतकूट, तूप. सकाळी उपमा, रवा घरी भाजून, फोडणीही त्यातच घातलेली, नुसतं आधणात सोडायचं. जाता-येता शेंगदाण्याचे लाडू. पाणी तलावाचंच, पण पाण्याच्या फिल्टरमधून किंवा चांगलं उकळून. लाकडं शहरातून नेऊ नका, त्यांतून झाडं पोखरणारे किडे जंगलात शिरतात. जमिनीवर पडलेली वाळकी काटकी पुरते.

आणि अस्वल. काळं अस्वल हिंगाला येतं की नाही ते मी विचारायला गेलेलो नाही, पण वास येणारं सगळं, अगदी टूथपेस्ट आणि लिप बामसुद्धा, एका पिशवीत भरून झाडाला टांगायचं. जमिनीपासून चार मीटर वर, खोडापासून दोन मीटर लांब. हे काम तंबू लावायच्याही आधी, उजेडात करा. आम्ही एकदा रात्री टॉर्चच्या उजेडात दगड बांधून दोर फेकत बसलो होतो. पाचव्या फेकीला दगड फांदीत अडकला तो आजही तिथेच असेल. तंबूत खायचं नाही, एक लाडूसुद्धा नाही.

संडास म्हणजे झाडीत ठेवलेली लाकडी पेटी. भिंती नाहीत, छप्पर नाही, झाकण आहे. पावसात छत्री न्यावी. ही पहिल्यांदा चिडली होती, आता म्हणते इतकी हवेशीर सोय टोरांटोत नाही.

केव्हा जायचं? मे-जूनमध्ये काळ्या माशा रक्त काढतात आणि पाणी बर्फासारखं असतं. मला सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आवडतो. डास जवळपास गेलेले, गर्दी ओसरलेली. रात्री मात्र चांगलीच थंडी पडते, तेव्हा बुटांसोबत लोकरीचे मोजे आणि कानटोपी न्या. आपली जुनी माकडटोपी चालते, बघायला कोणी नसतं. रात्री लून पक्षी ओरडतो. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा कोणी बाई रडतेय असं वाटेल. घाबरून शेजाऱ्याला उठवू नका, मी उठवलं होतं.

रविवारी सकाळी लवकर, वारा पडलेला असताना परत निघा. कॅनू परत दिली की दुपार हातात राहते. चालण्यासाठी उद्यानातून जाणाऱ्या हायवे ६० वर ३९.७ किलोमीटरच्या खुणेपाशी लुकआउट ट्रेल आहे. फेरी जेमतेम दोन किलोमीटरची, पण चढ खडा. वर उघडा कडा, कठडा नाही, समोर टू रिव्हर्स लेक आणि नजर जाईल तिथवर जंगल. उरलेले लाडू तिथे संपवायचे.

संध्याकाळच्या आत हायवे सोडा. मूस, म्हणजे इथली प्रचंड मोठी हरणं, रस्त्यावर येतात. ते इतके उंच की हेडलाइटचा उजेड पायांखालून निघून जातो आणि डोळे चमकतच नाहीत. ही शेजारी बसून दोन्ही बाजूंची झाडी बघत असते आणि गाडी मी चालवतो. तेवढं सुकाणू अजून माझ्याकडे आहे.