धुऱ्याचा वाद: नांगर थांबवून मोजणी कशी आणावी

कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, होते, तुरी निघतात आणि वावर मोकळे झाले की विदर्भातल्या खेड्यांत धुऱ्याचे वाद डोके वर काढतात. देशावर ज्याला बांध म्हणतात तोच आपला धुरा. ट्रॅक्टरवाल्याने नांगर फिरवताना नांगराचे एक तास, म्हणजे एक सरी, धुऱ्यात घेतले, पुढच्या वर्षी आणखी एक घेतले, आणि पाच-सात वर्षांनी शेजाऱ्याच्या लक्षात येते की ज्या बोरीखाली बसून तो शिदोरी खात असे, ती बोर आता दुसऱ्याच्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, उभी आहे. दोनशे मीटर लांबीचा धुरा एक मीटर सरकला, तर २०० चौरस मीटर म्हणजे २ आर, जवळजवळ दोन गुंठे जमीन इकडची तिकडे होते. या दोन गुंठ्यांपायी सख्ख्या भावांचे बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी की मोजणी होईपर्यंत धुऱ्याला हात लावू नये. आपलीच जमीन गेली आहे याची कितीही खात्री असली तरी धुरा स्वतः फोडणे, तारेचे कुंपण उपटणे, धुऱ्यावरचे झाड तोडणे किंवा शेजाऱ्याने पेरलेले पीक मोडणे यांमुळे तक्रारदार माणूसच आरोपी होऊन बसतो आणि जमिनीचा मूळ प्रश्न बाजूला राहतो. त्याऐवजी सध्याच्या स्थितीचे फोटो काढावेत, धुऱ्यावरची जुनी झाडे, दगड, विहीर, नाला यांची टिपणे करावीत आणि अतिक्रमण केव्हा लक्षात आले ती तारीख लिहून ठेवावी. पुढे मुदतीचा प्रश्न येतो तेव्हा ही तारीख फार उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट सातबाऱ्याची. बहुतेक भांडणे सातबारा हातात नाचवून होतात. परंतु सातबारा जमीन किती आहे ते सांगतो, ती कोठून कोठपर्यंत आहे ते सांगत नाही. हद्द ठरते ती नकाशावरून. त्यासाठी तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयातून गाव नकाशा, आपल्या गटाचा किंवा सर्व्हे नंबरचा नकाशा आणि पोटहिस्से, म्हणजे गटाचे रीतसर पाडलेले तुकडे, असल्यास त्यांचा फाळणी नकाशा यांच्या नकला काढाव्यात. वऱ्हाडात इंग्रजी अमलातच रयतवारी पद्धतीने, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याच्या पद्धतीने, मोजणी झाली, तर नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर या बाजूला १९५१ पर्यंत मालगुजारी, म्हणजे मालगुजारामार्फत सारा वसूल करण्याची पद्धत, होती. त्यामुळे दोन्हीकडच्या जुन्या कागदांची नावे व मांडणी सारखी नसते. नावांची परंपरा तपासायची असल्यास १९५४-५५ चा अधिकार अभिलेख अवश्य मागावा.

कागद हाती आल्यावर शेजाऱ्यावर आरोप करण्यापूर्वी आपले क्षेत्र खरोखर कमी भरते का, हे शांतपणे तपासावे. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा (लागवडीस न येणारी जमीन) वेगळे दाखवलेले असतात व त्यांची बेरीज करून एकूण क्षेत्र येते. नाल्याकाठचा पोटखराबा धरायचा विसरून जमीन कमी भरल्याचा गवगवा करणारे पुष्कळ असतात. कधी जुन्या काळी कालव्याला किंवा रस्त्याला जमीन गेलेली असते, पण ती सातबाऱ्यावरून वजा झालेली नसते, आणि कमी भरलेल्या क्षेत्राचे खापर मात्र शेजाऱ्यावर फुटते. नाला पात्र बदलतो तेव्हाही हेच होते. आमच्या घरचा वाद असाच होता. वडील चार वर्षे शेजारच्या काकांशी बोलत नव्हते आणि शेवटी निघाले ते इतकेच की काठाकडची जमीन नाल्याने खाल्ली होती. ते काका मोजणीच्या आदल्या वर्षी वारले, याची रुखरुख वडिलांना अखेरपर्यंत राहिली.

आता शेजाऱ्याकडे जावे, आणि ते सकाळी, घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला सोबत घेऊन, एकांतात जावे. पारावर चार लोकांपुढे विषय काढला की समोरच्याला माघार घेणे कठीण होते. “तुम्ही धुरा कोरला” असे न म्हणता “भाऊ, दोघं मिळून मोजणी आणू, खर्च अर्धा-अर्धा” असे म्हणावे. हे वाक्य मी अनेक घरी सुचवले आहे आणि ते ऐकल्यावर दार लावून घेणारा माणूस क्वचितच भेटला. दोघांनी एकाच वेळी आपापल्या गटांची मोजणी आणली, तर एकाच्या मोजणीवर दुसऱ्याने हरकत घेण्याचे कारण बरेच कमी होते. बोलणे अडत असेल तर पोलीस पाटील, सरपंच किंवा गावाची तंटामुक्त समिती यांना मध्ये घ्यावे. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत महसुली तंटेही धरलेले आहेत. जे ठरेल ते मात्र लिहून, दोन्ही घरच्या सर्व सहहिस्सेदारांच्या सह्यांनिशी ठेवावे.

मोजणीच्या अर्जात ‘हद्द कायम मोजणी’ असा प्रकार स्पष्ट लिहावा. अर्ज उपअधीक्षक कार्यालयाकडे किंवा ई-मोजणी प्रणालीतून ऑनलाइन करता येतो. नियमित आणि द्रुतगती असे दोन दर आहेत व शुल्क क्षेत्रानुसार बदलते. अलीकडचा सातबारा, चतुःसीमा (चारही बाजूंच्या हद्दी) आणि लगतच्या सर्व खातेदारांची नावे व पत्ते जोडावे लागतात. यातील पत्त्यांबाबत हयगय करू नये, कारण ज्या शेजाऱ्याला नोटीस मिळाली नाही तो पुढे ती मोजणीच मानत नाही. सातबाऱ्यावर अनेक नावे असतील तर सर्वांची संमती घ्यावी. भावाभावांत तोंडी वाटणी झालेली असेल आणि पोटहिस्सा पडलेला नसेल, तर त्यांच्यातील धुरा कोणत्याच नकाशावर नसतो; तेथे हद्द कायम करून मिळत नाही, आधी रीतसर वाटणी व पोटहिस्सा मोजणी करावी लागते. मोजणीची तारीख मृगाच्या पावसाआधी मिळावी म्हणून अर्ज हिवाळ्यातच टाकलेला बरा, कारण उभ्या पिकात आणि काळ्या मातीच्या चिखलात काम होत नाही.

मोजणीच्या दिवशी धुऱ्यावरचे झुडूप साफ करून ठेवावे, खुणांसाठी दगड व माणसे तयार ठेवावीत आणि स्वतः हजर राहावे. भूकरमापक, म्हणजे मोजणी करणारा सरकारी कर्मचारी, केवळ आपल्या वादाचा धुरा मोजून जात नाही. तो आसपासच्या पक्क्या, नकाशाशी जुळणाऱ्या खुणा शोधतो आणि त्यांच्या आधारे आपली हद्द बसवतो, म्हणून जुने दगड व तिवाटे (तीन हद्दी मिळतात त्या जागा) ठाऊक असलेला म्हातारा माणूस त्या दिवशी सोबत असावा. शेजाऱ्यानेही यावे असा आग्रह धरावा. काही आक्षेप असेल तर हुज्जत न घालता जबाबात लिहून द्यावा. नंतर मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते, तिच्यात अभिलेखाप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. या दोन रेषांमधली पट्टी हाच खरा वाद. निकाल पटला नाही तर उपअधीक्षकांकडे निमताना मोजणी (पहिल्या मोजणीची फेरतपासणी) आणि त्यानंतर जिल्हा अधीक्षकांकडे सुपर निमताना मोजणी मागता येते.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. मोजणीने हद्द कळते, ताबा मिळत नाही. भूकरमापक खुणा दाखवून निघून जातो. शेजाऱ्याने धुरा मागे घेतला नाही तर त्या खुणांवरून स्वतः नांगर घालण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १३५ हे हद्दीच्या वादाच्या निर्णयासंबंधी आहे, आणि कलम १३८ प्रमाणे, हद्द ठरल्यानंतर चुकीच्या ताब्यातील माणसाला काढण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. दिवाणी न्यायालयात हद्द निश्चिती व ताब्याचा दावा करता येतो. तेथे न्यायालय बहुधा भूमापन अधिकाऱ्याला कमिशनर नेमून मोजणी करून घेते. नुकतेच जबरीने बेदखल केले असेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खालील दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. शेजारी बारा वर्षांहून अधिक काळ उघडपणे, मालक म्हणून त्या पट्टीत असेल तर तो विरुद्ध कब्जाचा, म्हणजे दीर्घ ताब्यामुळे जमीन आपलीच झाली असा, बचाव घेतो, म्हणून संशय आल्यावर वर्षानुवर्षे थांबणे धोक्याचे आहे. वहिवाटीचा किंवा धुऱ्यावरचा रस्ता अडवला असेल तर तो वेगळा विषय आहे आणि त्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करावा. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अडथळ्याची तक्रारही सहा महिन्यांतच करावी लागते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाचे शेतकरी यांना तेथे मोफत वकील मिळतो. दावा दाखल असतानाही लोक अदालतीत तडजोड करता येते आणि तेथील निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते. माझ्या मते बहुतेक धुऱ्यांचे वाद तेथेच मिटायला हवेत, कारण पोराच्या शिक्षणाला ठेवलेला पैसा दोन गुंठ्यांच्या तारखांवर खर्च होताना पाहणे फार क्लेशाचे असते.

कधी मोजणीत निघते की दोघे शेतकरी अनेक वर्षे एकमेकांचीच जमीन वाहत आहेत. अशा अदलाबदलीसाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. परस्परांचा ताबा किमान १२ वर्षांचा असेल तर १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी शुल्क भरून अदलाबदल दस्त करण्याची तिच्यात सोय आहे. ही योजना मुदतीची असल्याने ती चालू आहे का, हे तलाठ्याकडे आधी विचारावे.

घराच्या जागेचा वाद असेल तर वाट थोडी निराळी आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद असून मालकीचा पुरावा नव्हे. ज्या गावठाणाचे स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजमाप झाले आहे तेथे मिळकत पत्रिका व नकाशा पाहावा आणि भिंत बांधण्याआधी मोजणी आणावी.

हद्द ठरल्यावर दगड खोल रोवावेत, कारण काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि वरवर पुरलेला दगड कलतो. दोघांनी ‘क’ प्रतीची एकेक नक्कल घरी ठेवावी, मधला धुरा बैल वळेल इतका रुंद सोडावा आणि नवी झाडे धुऱ्यावर न लावता आपापल्या वावरात आत लावावीत. खुणांची देखभाल ही कायद्याने खातेदाराचीच जबाबदारी आहे. तेव्हा दर वर्षी वखरणीपूर्वी दोघांनी मिळून दगड पाहावेत आणि एखादा हरवलेला दिसला तर तो अंदाजाने पुन्हा रोवण्याऐवजी त्याच आठवड्यात तलाठ्याला लेखी कळवावे.