हळू हलायचं आणि अर्धंच हलायचं: आखडलेलं अंग घरच्या घरी सैल कसं करायचं

मडगावहून वेर्ण्याला रोज बाइकवरनं जाणारे, पणजीत दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारे, घरात ओणवं होऊन काम करणाऱ्या आया-मावश्या, सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, मान धरलीय, कंबर धरलीय, रात्री पाठ टेकली तरी अंग काय सैल होत नाही. मग कोणीतरी सांगतं व्यायाम कर, आणि माणूस पहिल्याच दिवशी पायाचे अंगठे धरायला जातो नि दुसऱ्या दिवशी अंथरुणातनं उठता येत नाही. मी सांगतेय ते वेगळं आहे. यात ताणायचं नाही, मोजायचं नाही, घाम काढायचा नाही. जेवढं जमतं त्याच्या अर्धंच हलायचं, तेही अगदी सावकाश, आणि हलताना आत काय होतंय तिकडे लक्ष ठेवायचं.

अर्धंच का, तर हातात पाच किलो तांदळाची पिशवी असताना कोणी त्यात एक लिंबू टाकलं तर कळत नाही, पण रिकाम्या तळव्यावर तेच लिंबू लगेच कळतं. जोर जेवढा कमी तेवढं बारीक जाणवतं, आणि खांदा विनाकारण वर उचललाय हे जाणवलं तरच तो खाली सोडता येतो ना. मोशे फेल्डेनक्राइस (१९०४-१९८४) यांनी याच गोष्टीवर सगळी पद्धत उभी केली. ते पदार्थविज्ञानाचे माणूस, ज्युडोमध्ये ब्लॅक बेल्ट, गुडघा दुखावला तेव्हा स्वतःची चाल बारकाईने तपासत त्यातनं वाट काढली. खाली जे सांगतेय त्यातलं बरंचसं त्या वळणाचं आहे.

वेळ कुठलीही चालेल, फक्त दुपारी शीत-कडी जेवून लगेच नको. लादीवर चटई किंवा जाड चादर घाला, पावसात लादी ओलसर असते तेव्हा चादर दुहेरी करा. गादीवर नको, मऊ गादीत शरीर रुततं आणि काही कळत नाही. फोन दुसऱ्या खोलीत.

आधी नुसतं पाठीवर पडा. दोन्ही टाचा सारख्या टेकल्यात का? कुठला खांदा जमिनीपासून वर आहे? कंबरेखाली किती पोकळी आहे? काही सुधारायचं नाही, फक्त नोंद घ्यायची, कारण नंतर फरक कळायला हीच खूण लागते. घाईत लोक हेच सोडून देतात आणि मग म्हणतात काही झालंच नाही.

आता गुडघे वाकवून पायाचे तळवे जमिनीवर ठेवा. ओटीपोट हळूच असं कलवा की वजन माकडहाडाकडे जाईल, कंबर जरा वर उचलली जाईल. मग उलट, कंबर जमिनीकडे आणा. पाय दाबून ढकलू नका, पोट आवळू नका, दात तर अजिबात नको आवळायला (बघा, बहुतेकांचे आवळलेलेच असतात). सात-आठ वेळा करा, मग पाय सोडून एक मिनिट पडून रहा. हे थांबणं टाळू नका, झालेला बदल तेव्हाच कळतो. कंबरदुखीला मला याच्याएवढं दुसरं काही आवडत नाही.

मानेसाठी डोकं जमिनीवरनं न उचलता एका बाजूला वळवा, दुखायच्या खूप आधी थांबा, परत मध्ये. असं काही वेळा झालं की डोकं उजवीकडे आणि डोळे डावीकडे असं करून बघा. सुरुवातीला सगळा गोंधळ होतो, होऊ दे, हळू करा. मग परत साधं वळवून बघा, बऱ्याच जणांची मान आधीपेक्षा सहज जाते.

श्वासाचं एकच लक्षात ठेवा, सोडायला घ्यायच्यापेक्षा जरा जास्त वेळ द्या. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात, मनगटावर बोट ठेवून पडलात तर बऱ्याच जणांना स्वतःलाच कळेल. आपल्या बायका फुगडी घालताना ‘फू’ करून श्वास बाहेर टाकतात ना, आणि पौषात मांडावर (गावातल्या ठरलेल्या अंगणात) धालो, म्हणजे गोव्यातला बायकांचा लोकनाच, घालताना एकमेकींच्या कंबरेत हात घालून ओळीनं पुढे-मागे वाकतात. घरी एकटीनं उभं राहून तसंच डोलून बघा, वजन टाचेवर, मग चवड्यावर. गुडघे ताठ नकोत.

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर सकाळी जाणाऱ्यांनी थोडं अंतर ओल्या घट्ट वाळूवर अनवाणी, अगदी हळू चालावं, टाच कधी टेकते नि अंगठा कधी सुटतो ते बघत. पावसाळ्यात पाण्यापासून लांबच रहा. आणि शुगरमुळे पाय बधिर झाले असतील तर अनवाणी नकोच, शिंपला लागला तरी कळणार नाही.

आता बरं होण्याबद्दल. विनाकारण आवळून ठेवलेले स्नायू सुटले की दुखणं हलकं होतं, झोप लागायला सोपं जातं, मन निवतं. पण याने शुगर-प्रेशरच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, हातापायातला जोर गेला असेल, ताप असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, आणि छातीत दुखलं किंवा लघवी-संडासचा ताबा गेला तर चटई विसरून थेट गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) गाठा. गरोदरपणाच्या पुढच्या महिन्यांत पाठीवर पडून हे करू नका. डोळे मिटल्यावर भीती दाटून येत असेल तर उघडे ठेवा, छताकडे बघत केलं तरी चालतं.

ज्या आजीला खाली बसता येत नाही तिनं बिनहाताच्या टणक खुर्चीवर पुढे सरकून बसावं, पावलं जमिनीवर, आणि ओटीपोट तसंच पुढे-मागे कलवावं, खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. दिवसाला दहा मिनिटं पुष्कळ झाली, एकदम तासभर करून आठवडाभर सोडण्यापेक्षा हे बरं.