डिस्काउंट स्टोअरमधला ब्रँडेड कपडा आला कुठून, ते आधी ओळखा

ब्रँडेड शर्ट निम्म्या किमतीत दिसला की सगळे आधी विचारतात ओरिजिनल आहे का. माझ्या मते त्याहून कामाचा प्रश्न म्हणजे हा पीस इथे आला कसा, कारण ते कळलं की किंमत खरंच कमी केलीय की नुसती कमी दाखवलीय ते कळतं.

पहिला प्रकार उरलेल्या मालाचा. बघा, ब्रँडला सीझनच्या कित्येक महिने आधी ऑर्डर द्यावी लागते, मग कधी थंडी उशिरा पडते, कधी मोठं दुकान ऑर्डरच कॅन्सल करतं, कधी फॅक्टरीत पीस जास्त निघतात आणि माल अडकतो. टीजे मॅक्ससारख्या अमेरिकी डिस्काउंट चेनचे बायर, म्हणजे त्यांच्यासाठी खरेदी करणारे लोक, हा माल उचलतात. पैसे लवकर देतात, विकला नाही तर परत पाठवणार असं म्हणत नाहीत, जाहिरातीचा खर्च मागत नाहीत, साईझचा सेट तुटलेला असला तरी चालतो, म्हणून त्यांना माल खूप स्वस्तात मिळतो. बऱ्याचदा ब्रँडची अट असते की जाहिरातीत आमचं नाव नको. काही माल तर हे लोक गोडाऊनमध्ये ठेवून पुढच्या सीझनला काढतात, त्यामुळे फॅशन जरा मागची वाटली म्हणून माल खराब असं समजू नका.

दुसरा प्रकार सेकंड्सचा, म्हणजे शिलाईत किंवा रंगात बारीक खोट असलेला माल. खोट कुठेय ते सापडलं आणि चालणार असेल तर बिनधास्त घ्या.

तिसरा प्रकार मात्र नीट समजून घ्या. फॅक्टरी आउटलेटमधला बराच माल मेन शोरूममध्ये कधी गेलेलाच नसतो, तो आउटलेटसाठीच वेगळा बनवलेला असतो, नाव तेच पण कापड बऱ्याचदा हलकं, अस्तर गायब, शिलाई साधी. यात बेकायदेशीर काही नाही, पण टॅगवर जी मोठी किंमत खोडलेली दिसते त्या किमतीला तो पीस कधी विकलाच गेला नसेल तर डिस्काउंट कशावर मिळाला? अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या गाइडलाइन्स सांगतात की आधीची किंमत खरी असायला हवी, आणि युरोपियन युनियनमध्ये मे २०२२ पासून असा नियम लागू झालाय की किंमत कमी केली असं जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवायची. हे नियम करावे लागले यातच सगळं आलं.

आता ओळखायचं कसं. रॅकवर एकाच डिझाइनचे सगळे रंग, सगळे साईझ व्यवस्थित लावलेले असतील तर बहुतेक आउटलेटसाठीचाच माल, आणि दोन-तीनच पीस, तेही विचित्र साईझचे, तर खरा उरलेला माल असण्याची शक्यता जास्त. लेबल कापलेलं किंवा त्यावर मार्करची रेघ असेल तर घाबरू नका, तो पीस मूळ शोरूममध्ये नेऊन पूर्ण पैसे कोणी परत मागू नये म्हणूनही तसं करतात. काही ब्रँड आउटलेटच्या लेबलवर नावाखाली छोटे ठिपके किंवा चौकोन ठेवतात, तेही बघा. मग कपडा उलटा करा, चेक्स किंवा पट्टे बाजूच्या शिवणीवर जुळतात का, टाके दाट आहेत का, शिवणीत कापड सोडलंय का, कापडात कॉटन किती पॉलिस्टर किती. ब्रँडच्या वेबसाइटवर तोच स्टाइल नंबर सापडतो का तेही फोनवर बघून घ्या.

थांबायचं की लगेच घ्यायचं हा शेवटचा प्रश्न. बोस्टनला १९०९ मध्ये सुरू झालेल्या फाइलिन्स बेसमेंट या डिस्काउंट दुकानात तारखेप्रमाणे किंमत आपोआप उतरायची, आधी २५ टक्के, मग ५०, मग ७५, आणि तरी नाही विकलं तर दान. आजही बऱ्याच दुकानांत जुना माल टप्प्याटप्प्याने मार्कडाउन होतो, लाल किंवा पिवळं स्टिकर लागतं, पण तोच पीस दुकानात मागे अजून ठेवलेला बहुतेक नसतो, जे आहे ते रॅकवरच. म्हणून तुमच्या साईझचा एकच पीस असेल आणि वरच्या सगळ्या टेस्टमध्ये पास झाला असेल तर घेऊन टाका, ढीगभर असतील तर थांबा, आणि क्लिअरन्सचा माल परत घेतात का ते बिल करायच्या आधी विचारा.