उन्हाळ्यात ऑसिलेटर सुरात ठेवायचा तर

परभणी-नांदेडकडच्या एप्रिल-मेमध्ये मॉड्युलर सिंथचा (सुटी मॉड्युल्स जोडून बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) ॲनालॉग ऑसिलेटर, म्हणजे स्वर निर्माण करणारं मॉड्युल, सुरात लावा, पाच-दहा मिनिटांत तो हललेला असतो. तापमान बदललं की स्वर सरकतो, मॉड्युल बिघडलेलं नसतं.

१. वाजवायच्या अर्धा तास आधी केस (मॉड्युल्स बसवलेली पेटी) चालू करा. पंखा किंवा कूलरही तेव्हाच लावा आणि नंतर त्याचा वेग बदलू नका. बहुतेक जण नेमकं हेच विसरतात आणि पुन्हा पुन्हा नॉब फिरवत बसतात.

२. मग ट्यूनरवर खालचा सा जुळवा.

३. कीबोर्डवरून एक-एक सप्तक वर जा. कीबोर्डकडून येणारं व्होल्टेज १ व्होल्टने वाढलं की एक सप्तक चढलं पाहिजे. किंचित कमी-जास्त असेल तर मागच्या ट्रिमरला (बारीक जुळवणीच्या छोट्या स्क्रूला) हात लावायची घाई नको. केस पूर्ण तापल्यावरही फरक तसाच राहिला, तरच तो फिरवा.

मध्येच लाइट गेली तर परत थोडं थांबणं आलंच. केस इन्व्हर्टरवर असेल तर उत्तम. डिजिटल ऑसिलेटरला एवढे लाड लागत नाहीत.

कूलरचा झोत मात्र थेट केसवर सोडू नका. ती हवा दमट असते, जॅक आणि सर्किटला गंज धरतो.