टी-22 ला स्टेनलेस जोडताना

नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा वीज केंद्रांकडे बॉयलरच्या कामावर नवी लागलेली पोरं विचारतात, टी-22 ची (कमी क्रोमियमच्या बॉयलर स्टीलची) ट्यूब स्टेनलेसला जोडली की तो जोड काही वर्षांत लीक का होतो? वेल्डर कच्चा होता, हे उत्तर सोपं आहे, पण बरेचदा चुकीचं. फुटलेला तुकडा हातात घेऊन बघा. चीर स्टेनलेसकडे नसते. टी-22 कडे, वेल्डच्या काठाला चिकटून असते.

एक मीटर ट्यूब 500 अंशांनी तापली की टी-22 साधारण 7 मिलिमीटर वाढते, स्टेनलेस 9. दर लाइटअपला, दर शटडाऊनला ही ओढाताण त्या काठावरच. त्यात टी-22 मधला कार्बन जास्त क्रोमियमच्या वेल्डकडे सरकतो आणि काठालगतचा पट्टा नरम पडतो.

म्हणून आधी फिलर, म्हणजे जोडात वितळवून भरायचा धातू. 309 ची स्टेनलेस रॉड स्टोअरमध्ये हाताशी असते, स्वस्तही असते. या जोडाला मी ती लावू देत नाही. टीगला (आर्गॉन गॅसच्या आडोशातलं वेल्डिंग) ईआरएनआयसीआर-3, रॉडने भरायचं तर ईएनआयसीआरएफई-3, दोन्ही निकेलचे. निकेलचं प्रसरण टी-22 च्या जवळपास, कार्बनही त्यात कमी शिरतो. मात्र त्याचा पूल (वितळलेल्या धातूचं डबकं) सुस्त असतो, कडेला आपोआप पसरत नाही. व्ही (जोडाची खाच) जरा रुंद ठेवा, ब्रश फक्त स्टेनलेसचा वापरा.

आणि हो, कुलर! मे महिन्यात पारा 45 कडे गेला की कुणीतरी तो थेट जोडाकडे वळवतोच. माणूस गार होतो, आर्गॉन उडून जातो, वेल्डमध्ये पोरॉसिटी (बारीक छिद्रं) येते. फायर ब्लँकेटचा आडोसा करा.

टी-22 ऐवजी टी-91 (जास्त क्रोमियमचं स्टील) असेल तर प्रीहीट 200 अंशांच्या आसपास, आणि वेल्डनंतर 100 च्या खाली थंड होऊ दिल्याशिवाय पीडब्ल्यूएचटी (वेल्डनंतर जोड पुन्हा तापवणं) नाही. पण 730-760 अंशांची ती उष्णता शेजारच्या 304 एच स्टेनलेसला मानवत नाही. जाड पाइपला त्यामुळे आधी टी-91 च्या तोंडावर निकेलचं बटरिंग (वेल्डचा थर चढवणं) करून पीडब्ल्यूएचटी उरकतो, मग स्टेनलेस जोडतो. दुसऱ्यांदा तापवायची गरज उरत नाही, फक्त बटरिंगचा थर पुरेसा जाड हवा.

चांगला जोडही चुकीच्या जागी टिकत नाही. फिट-अप चेनपुलीने ओढून बसवू नका. सपोर्ट, टाय-लग (ट्यूबा जागेवर धरणारे तुकडे) तुटलेत का बघा, नाहीतर लटकता भार जोडावर येतो. ड्रॉइंग बदलता येत असेल तर जोड आगीच्या झोतातून काढून पेंटहाऊसमध्ये (बॉयलरच्या माथ्यावरच्या बंद कप्प्यात) न्या. ओव्हरहॉलला टी-22 कडचा काठ घासून डीपी (रंगद्रव लावून चीर शोधायची चाचणी) करा. ज्या युनिटचे स्टार्ट-स्टॉप जास्त झालेत, ते आधी घ्या.