‘सेम टू सेम’ परफ्यूम: तुलना करताना या चुका टाळा

माझ्याकडे परफ्यूमच्या आठ-दहा बाटल्या आहेत हे सोसायटीत कळल्यापासून दर रविवारी कुणीतरी महागड्या परफ्यूमची स्वस्त नक्कल फवारलेलं मनगट पुढे करतं. "हुंगून सांग, शनेल नंबर फाइव्हच ना? आणि किंमत ऐकशील तर...!"

पहिली चूक हीच. फवारल्यावर पाच मिनिटांत निकाल लावायचा.

माझ्या मामेबहिणीने ठाणे स्टेशनजवळून शनेल नंबर फाइव्हची अशीच एक नक्कल घेतली. त्याच संध्याकाळी वाशीला साखरपुडा होता. तिच्या एका हातावर तिची बाटली, दुसऱ्यावर माझी खरी, असं करून आम्ही लोकलमध्ये बसलो. ऐरोलीपर्यंत मलाही फरक सांगता येईना. तुर्भ्याला पोहोचेस्तोवर नक्कल गोड-गोड झाली होती आणि पंगत बसली तेव्हा त्या हाताला नुसता धुतलेल्या कपड्यांचा वास उरला होता. दुसऱ्या हातावर फुलं होती.

कारण साधं आहे. १९२१ साली अर्नेस्ट बो यांनी हा परफ्यूम केला, त्याचा सुरुवातीचा साबणी झणका अल्डिहाइडचा. ती प्रयोगशाळेत बनणारी, स्वस्त रसायनं. नक्कल करणाऱ्याला ती सहज जमतात. पैसे लागतात ते झणका ओसरल्यावर वर येणाऱ्या, पोटातल्या जाई-गुलाबाला. खऱ्या जाईच्या अर्कात इंडोल असतं. रात्रीचा गजरा सकाळी उशाशी सापडतो, तेव्हा त्याला जो किंचित कुजकट, मादक वास येतो ना, तो. स्वस्त बाटलीत बहुधा हाच भाग गाळलेला असतो, म्हणून तिचं फूल प्लास्टिकचं वाटतं. मी तर चार तासांनी हा गजरा शोधते. सापडला नाही की विषय संपला.

दुसरी चूक: कशाशी तुलना करताय तेच माहीत नसणं. शनेल नंबर फाइव्हचं ओ द परफ्यूम हे थोडं सौम्य रूप जाक पोल्ज यांनी १९८६ साली आणलं. मूळ एक्स्ट्रेपेक्षा, म्हणजे सर्वांत दाट अर्कापेक्षा, ते वेगळं आहे. मावशीच्या जुन्या बाटलीची आठवण धरून नक्कलेला नावं ठेवू नका.

मनगटं एकमेकांवर घासू नका. एका बैठकीत दोनच वास. दोन वासांमध्ये नाक ताजं करायला दुकानात ठेवलेले कॉफीचे दाणे मला नाटक वाटतं. मी आपलं स्वतःचं कोपर हुंगते, तिथे काही फवारलेलं नसेल तर.

आणि खरी बाटली पश्चिमेच्या खिडकीत दोन उन्हाळे ठेवून, उन्हाने खराब करून, "नक्कलच बरी निघाली" म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे रविवारी येऊ नये.